विंचूकाकूंचा रस्सा

विंचूकाकूंना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आइंडहोवन या डच शहरातल्या आमच्या इमारतीच्या लांब गॅलरीत त्या हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायच्या. मुलाकडे महिनाभरासाठी चीनहून आल्या आणि करोनात विमानं बंद झाल्यानं अडकल्या. तिकडे नवरा एकटा, हृदयाचा पेशंट. तिकीट निघायचं, रद्द व्हायचं आणि काकूंच्या फेऱ्या वाढायच्या.

त्याच दिवसांत मी सायकलवरून पडले आणि पाय मोडला. माझा नवराही पुण्यात अडकलेला. आई फोनवर रोज म्हणायची, "पायाचं सूप प्यायला हवं गं तुला." पण करून देणार कोण? माझं प्लास्टर पाहून एका दुपारी काकूंनी दाराशी पातेलं ठेवलं, बेल वाजवली आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. मी हसून आभार मानले, पातेलं आत घेतलं आणि सगळं कचऱ्यात टाकलं. चिनी घरातलं अन्न, म्हणून घाबरले. आज हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी काकू फोन पुढे धरून हजर. त्या चिनीत बोलत, फोन इंग्रजीत सांगे. "चव कशी होती?"

"छान."

"हाडांतली मज्जा कशानं काढलीस?"

माझी नजर आतल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली. काकूंनी ते पाहिलं, घरी गेल्या आणि नवं पातेलं घेऊन आल्या. माझ्या खिडकीबाहेर उभ्यानंच पहिली वाटी स्वतः प्यायल्या. "आता दहा मिनिटं थांब," फोन म्हणाला. "मी मेले नाही तर खा."

मी खाल्लं. चक्रफूल, आलं, दालचिनी आणि हाडांना चिकटलेलं लुसलुशीत मांस. मेंढीचा तो अख्खा कणा शेपटासकट विंचवासारखा दिसतो, म्हणून तिकडे त्याला 'मेंढीविंचू'च म्हणतात. काकूंचं नाव मी त्यावरूनच पाडलं.

तुर्की खाटकाकडून त्या दर शनिवारी कणा आणायच्या आणि रस्सा देताना एक गोष्ट हमखास सांगायच्या. एका सरदाराच्या घरी चांगलं मांस पंक्तीला जाई, टाकाऊ हाडं आचारी नोकरांसाठी उकळत ठेवी. एकदा त्या वासानं खुद्द सरदार चुलीपाशी आला आणि नोकरांत बसून जेवला. "मान मालकाला, ताकद नोकराला," काकू म्हणायच्या. हाडानं हाड जुळतं यावर त्यांचा ठाम विश्वास होता. माझे डॉक्टर हसले. आईला मात्र ते लगेच पटलं.

उन्हाळ्यात तिकडे काकूंच्या नवऱ्याला दवाखान्यात हलवल्याचं कळलं. काकू दिवसभर चालत होत्या. संध्याकाळी माझ्या दाराशी थांबल्या. "चाळीस वर्षं माझ्याच हातचं खाल्लंय त्यानं. तिथे त्याला काय देत असतील?" मी पहिल्यांदाच त्यांचा हात धरला. अंतराची आठवण दोघींनाही राहिली नाही.

चौथं तिकीट टिकलं. निघताना त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मी काठी न घेता गॅलरीच्या टोकापर्यंत चालून दाखवलं, तेव्हाच त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

चीनमध्ये उतरल्यावर दोन आठवडे त्यांना हॉटेलातल्या बंद खोलीत राहावं लागलं. नवरा तोवर तग धरेल का, या धास्तीनं इकडे मुलगा आणि मी रोज फोनकडे बघत होतो. नवऱ्यानं तग धरला. त्यानंतर तो आठ महिने जगला. तो गेल्याची बातमी सांगायला मुलगा दाराशी आला तेव्हा रडत नव्हता. म्हणाला, "आठही महिने आईनंच बाबांना भरवलं."