बादली आणि बोया

आमच्या बेटावरून शिडाच्या यॉट भाड्याने जात. पाहुणे आसपासची बेटं फिरून परत येत. मी तिथे डोलकाठ्या आणि दोर सांभाळायचो. यॉट धुणाऱ्या बाईला सगळे बादली म्हणत. तिने पुसलेली फळी पुन्हा पुसावी लागत नसे. कामाच्या बाबतीत मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

परतलेली यॉट धुवायच्या जागी न्यावी लागे. तेही काम बादलीने मागून घेतलं. इंजिन न लावता, शिडावरच न्यायची. हात पक्का बसल्यावर मालकासमोर उभी राहिली. “मला कप्तान करा.”

मालक म्हणाला, “शिडावर येऊन बोया पकडून दाखव. तीनदा बघेन. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

बोया म्हणजे तळाशी साखळीने जखडलेलं तरंगतं पिंप. यॉट त्याला बांधतात. बोयाच्या अलीकडेच यॉटचं नाक वाऱ्याकडे वळवायचं, शीड सैल सोडायचं, उरलेल्या वेगात यॉट नेमकी बोयापाशी थांबली पाहिजे. ब्रेक नसतो.

बादली सुकाणूवर, मालक तिच्या मागे, मी पुढच्या टोकाला बोया पकडायची आकडी घेऊन. पहिल्या खेपेला यॉट बोया ओलांडून सरळ पुढे गेली. धक्क्यावरून तिचा दीर ओरडला. तोही तिथलाच कप्तान.

“वहिनी, बोया मागे राहिला! निरोप धाडू का त्याला?”

“आधी तोंड आवरा, भावजी!”

दुसऱ्यांदा ती जरा लवकर वळली. तरी वेग जास्तच. माझी आकडी निसटली. धक्क्यावर हशा पिकला. मालकाने नुसतं एक बोट वर केलं. एकच खेप उरली होती.

“वारा वाढला असेल,” मी म्हटलं.

“वाऱ्याला कशाला बोल लावता, दादा? वारा तोच आहे.” ती पायाखालच्या फळ्यांकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारला. “टाक्या! सकाळी मीच काठोकाठ भरल्या की!”

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या भरणं तिचंच काम. पण तिने आजवर चालवल्या त्या परतलेल्या, रिकाम्या टाक्यांच्या यॉट. भरलेली यॉट जड. लवकर थांबत नाही.

तिसऱ्यांदा ती इतक्या लांबून वळली की पोचतच नाही असं मला वाटलं. शीड फडफडलं. यॉट सरकत राहिली, मंदावत गेली. मी वाकलो. बोया आकडीखाली येऊन उभा होता. नुसता पकडायचा.

“उद्याचे पाहुणे तू ने,” मालक म्हणाला.

दीर होडी घेऊन आम्हाला न्यायला आला. “चला, कप्तान वहिनी.”

“थांबा जरा. दादांच्या पायांचे ठसे पडलेत पुढे.”

तिने बादली दोराने समुद्रात सोडली, भरून वर ओढली. दुसऱ्या दिवसापासून धुणं दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. ही यॉट मात्र तिने पुरती धुतली, मगच उतरली. आम्ही होडीत बसून राहिलो.