कासवाच्या पोटातले चार तुकडे

समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा चपला हातात धरून. तरी समुद्री कासवाच्या पोटातलं प्लास्टिक ओळखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. उभा जन्म काचेची भांडी धुण्यात गेला. आमच्या मॅडम परीक्षेत अडकल्या, म्हणून त्यांच्या कोकणातल्या जुन्या विद्यार्थिनीने पाठवलेली तुकड्यांची बरणी माझ्याकडे आली. त्या मुलीने ते आजारी कासव किनाऱ्यावरून उचलून आणून कितीतरी दिवस जपलं, तरी गेलं. त्याने काय काय गिळलं होतं ते नीट लिहिलं जावं, एवढंच तिला हवं होतं. फोनवर ती मला सर म्हणाली. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पद्धत सोपी, पण माणसाला दमवणारी. तुकडा साध्या पाण्यात टाकायचा. तरंगला तर पिशवी, झाकण, दोरी असल्यांपैकी. बुडाला तर मिठाच्या दाट पाण्यात टाकायचा. तिथे वर आला तर जाळीचा नायलॉन नाहीतर चमच्या-पेल्यांचं कडक प्लास्टिक, तिथेही बुडाला तर बहुधा बाटली. चिमट्याने एकेक. प्रयोगशाळेत परीक्षा चालू, म्हणून मी बरणी घाटावर, शिनोलीला घरी आणली, तुकडे धुतले आणि बायकोच्या पिठाच्या चाळणीत गच्चीवर वाळत घातले. चाळणीवरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी पिंपरी पेंढारचा मेव्हणा आला. तो टोमॅटो पिकवणारा. चाळणीत डोकावला आणि एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने चंदेरी असे चार तुकडे त्याने बोटाने बाजूला केले.

"दाजी, ह्यो तर मल्चिंग पेपर हाय. समिंद्रात कुठं टोमॅटो व्हतो राव?"

मलाही पटलं. शेजारच्या वावरात टोमॅटोच्या वाफ्यांवर तोच प्लास्टिकचा कागद अंथरलेला, वारा सुटलेला. गच्चीवर उडून आला असणार. वर मी भूगोल जोडला, की आपल्या नद्या पूर्वेला वाहतात, आपला कचरा कोकणात जाईलच कसा. दोघंही आपापल्या हुशारीवर खूश होऊन चहा प्यायलो. ते चार तुकडे मी सकाळी अंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटवताना आत टाकले. बंब झकास पेटला.

अंघोळ करून तपासणीला बसलो, तेव्हा बरणीवरची चिठ्ठी पहिल्यांदा वाचली. एकूण तुकडे एकेचाळीस. चाळणीत सदतीस. तीनदा मोजले. थकलेल्या माणसाला वाटतं, परत मोजलं की वाढतील.

बायको तेवढ्यात चाळणी मागायला आली. माझं तोंड बघून तिने सगळं वदवून घेतलं.

"कासवानं एवढं दिस पोटात सांबाळलं," ती म्हणाली, "तुमाला एक रात नाय जमलं."

दिवसभर उरलेले सदतीस पाण्यात टाकत बसलो. पाठ धरली, डोळे चुरचुरले. अधूनमधून घाटमाथ्यावरचं आहुपे आठवत होतं. तिथल्या कड्याच्या टोकाला उभं राहून मी स्वतः वेफरची पाकिटं खाली कोकणात तरंगत जाताना पाहिलेली आहेत. आतून चंदेरीच असतात ती. नद्या पूर्वेला जातात, वारा थोडाच नदीला विचारून वाहतो.

शेवटी त्या मुलीला फोन केला. खोटं बोलायची तयारी होती. हरवले म्हणणार होतो. पण तिने परत सर म्हटलं, आणि मी बंबासकट सगळं सांगून टाकलं. तिने आधी एकच विचारलं.

"पाण्यात टाकून पाहिले होते का?"

"नाही. मल्चिंगसारखे दिसत होते."

"मग मल्चिंग लिहू नका," ती म्हणाली. तिचाही आवाज दमलेला होता. "झालं तसं लिहा. कासवाला ते परत खायला लावता येणार नाही."

तक्ता भरला. सदतीस तुकडे आपापल्या रकान्यात गेले. खाली लिहिलं: चार तुकडे, काळे-चंदेरी, ओळख पटली नाही. कारणाच्या जागी बराच वेळ पेन टेकवून बसलो, मग लिहिलं, तपासणाऱ्याने न तपासता जाळले. आणि सही केली, स्वच्छ, वाचता येईल अशी.