थाप आणि ठेका

संघपाल रामटेके भंडाऱ्याहून दिल्लीत आले ते एका केंद्रीय खात्यात कारकून होऊन. सामानात एक ढोलकी होती. पुढे फरीदाबादच्या नव्या सेक्टरात घर झालं, विदर्भ-मराठवाड्यातली आणखी वीसेक बौद्ध कुटुंबं आजूबाजूला राहायला आली, आणि चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात रमाबाईंनी गायचं नि संघपालनी ढोलकी धरायची हे ठरूनच गेलं. रमाबाई त्यांची बायको. आवाज मोकळा, पण लयीला कच्च्या. मनाला लागणारी ओळ आली की रेंगाळायच्या, नको तिथे श्वास घ्यायच्या. संघपाल त्यांच्या मानेकडे बघत वाजवायचे. मान जराशी झुकली की हात आवरता घ्यायचे, वर आली की पुन्हा सोडायचे. सतरा वर्षं हे असं चाललं, आणि बाई लयीतून सुटतात हे ऐकणाऱ्या कुणाला कधी कळलं नाही.

२००२च्या डिसेंबरात दाढी करता करता संघपाल खाली कोसळले. अर्धांगवायूचा झटका होता. तोंड सरळ झालं, पाय ओढत ओढत का होईना चालू लागला, डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट सहा महिने येत होती. मग तिनेच सांगितलं, आता यापुढे फार फरक पडेलसं वाटत नाही. ढोलकीची घुमणारी बाजू डाव्या हाताची. उजव्या एकट्याने नुसती टकटक होते. संघपालनी ढोलकीला खोळ घातली आणि ती कपाटावर ठेवायला लावली.

नोएडात श्याम नावाचे त्यांचे एक स्नेही जाहिरातींचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवत. झटक्याच्या आदल्या वर्षी त्यांनी संघपालकडून ढोलकीच्या थापा एकेक सुट्या वाजवून भरून घेतल्या होत्या. एका रविवारी ते त्या थापांची सीडी आणि त्या जोडून ठेका वाजवणारं एक सॉफ्टवेअर घेऊन आले आणि लुंबिनीच्या कॉम्प्युटरवर चढवून दिलं. लुंबिनी ही या दोघांची मुलगी, गुडगावच्या कॉल सेंटरात रात्रपाळीला जाणारी. सकाळी ती झोपलेली असे, कॉम्प्युटर मोकळा. श्याम जाताना म्हणाले, "रामटेकेजी, हाथ तो आपका ही बजेगा।"

दर शनिवार-रविवारी संघपाल त्या पडद्यासमोर बसू लागले. पडद्यावर दोन बटणं होती, एकावर टेम्पो लिहिलेलं, दुसऱ्यावर स्पीड. फरक काय, हे त्यांनी लुंबिनीला विचारलं. दिल्लीत वाढलेल्या पोरीला लय हा शब्दच नीट ठाऊक नव्हता. तिने दोन्ही सेमच आहेत म्हणून सांगितलं. महिनाभर संघपाल स्पीडच फिरवत बसले. वाढवला की ढोलकी पत्र्याच्या डबड्यासारखी किरकिरायची, कमी केला की प्रत्येक थाप जड होऊन हंबरायची, आणि ठेका मात्र होता तेवढाच संथ.

शेवटी एका सकाळी त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं, आणि उलगडा झाला. स्पीडने थापच पळते, म्हणून तिचा स्वर चढतो. टेम्पोने थापेला धक्का लागत नाही, दोन थापांमधलं अंतर तेवढं कमी-जास्त होतं. त्यांनी रमाबाईंना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, टेम्पो वाढवून दाखवला. ढोलकी खणखणीत, पळती, आणि आवाज त्यांच्या स्वतःच्या हाताचा. रमाबाई पदराला हात पुसत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. झटक्यानंतर संघपाल हसल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

टेम्पो ओळीगणिक बदलता येतो हेही हळूहळू त्यांना समजलं. मग सगळा हिवाळा त्यातच गेला. रमाबाई गायच्या, संघपाल वहीत टेम्पोचे आकडे टिपायचे. पहिल्या ओळीला ब्याण्णव, इथे चौऱ्याऐंशी, कडव्याला पुन्हा ब्याण्णव. मार्चअखेर ढोलकी रमाबाईंच्या प्रत्येक रेंगाळण्याला बरोबर साथ देऊ लागली. निदान घरी तरी.

कार्यक्रमाला कॉम्प्युटर रिक्षातून समाजमंदिरात नेला. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्यात रमाबाईंची नजर माउसवरच्या त्या एका हाताकडे गेली आणि तिथेच राहिली. त्या थांबल्या. ढोलकी चालूच राहिली. संघपालनी घाईने टेम्पो खाली ओढला, तो फारच उतरला, परत चढवला तर रमाबाईंच्या पुढे निघून गेला. त्या दोन ओळी मागून धावल्या, मग माइक खाली ठेवून बायकांत जाऊन बसल्या. रिकाम्या मंचावर ढोलकी तेवढी वाजत होती. बंद कुठून करायची तेही संघपालना त्या क्षणी सुचेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समितीच्या अध्यक्षांनी जवळ येऊन फार आपुलकीने सांगितलं, की पुढच्या वर्षी नागपूरची ऑर्केस्ट्रा पार्टी बोलवायचा विचार चाललाय, तुम्हाला उगाच त्रास नको.

घरी आल्यावर संघपालनी वही काढली. नेमक्या कुठल्या ओळीला चुकलं ते शोधू लागले.

"राहू द्या हो," रमाबाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी थांबायचात. ते थांबत नाही. किती आकडे लिहाल?"

संघपालनी वही मिटली. आपण पुढच्या वेळी कुठे थांबू, हे रमाबाई तरी आधी कुठे सांगू शकणार होत्या?

पावसाळ्यात लुंबिनीची बदली हैदराबादला झाली आणि कॉम्प्युटर तिच्यासोबत गेला. जाण्याआधी तिने त्यातलं जुनं काय काय पुसून टाकलं. थापा ठेवायच्या का, असं तिने विचारलं होतं. संघपालनी मान हलवली, नको. पुढच्या एप्रिलला ऑर्केस्ट्रा पार्टी आली, दणक्यात वाजवून गेली. दोघंही मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होते. रमाबाईंना कुणीतरी एखादं गाणं म्हणायचा आग्रह केला, तर त्यांनी घसा बसलाय म्हणून सांगितलं. त्यानंतर त्या घरात कामं करतानासुद्धा गुणगुणल्या नाहीत, आणि संघपालनी त्यांना का ते कधी विचारलंही नाही.