वकीलसाहेबांच्या राजाची उडी

निजामाच्या राज्यात परभणीला बुद्धिबळाचे सामने भरले आणि मी आमच्या झरी गावच्या पारावर बोलून बसलो, "वकीलसाहेबांकडून हरलो तर मिशी उतरवीन." माझी मिशी तेव्हा अशी, की दोन टोकांवर दोन पोपट बसले तरी वाकायची नाही. त्यामुळे शेवटच्या डावाला अख्खी झरी गाड्या जुंपून आली. गावचा न्हावी तर पहिल्या रांगेत, वस्तऱ्यासह.

वकीलसाहेब वीस वर्षांत कुणाकडून हरले नव्हते. मला पाहून म्हणाले, "काय पाटील, ढेकळं फोडायची सोडून हिकडं कुठं?"

"ढेकळंच फोडायला आलोय, साहेब."

पांढरी मोहरी माझी. वजिराचं प्यादं दोन घरं सरकवलं. त्यांनीही तेच केलं. मग वजिराकडच्या उंटाचं प्यादं मी त्यांच्या तोंडाशी नेऊन ठेवलं, घ्या फुकट! ते कसले घेतात? राजाचं प्यादं एक घर पुढे करून ठाण मांडलं. पुढे दोन तास मला असं आवळलं, की न्हावी पाण्याची वाटी मागायला लागला.

पण एक गोष्ट मी हेरली होती. आपल्या देशी खेळात शह न खाल्लेल्या राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. साहेबांची हयात त्या उडीवर गेलेली. हे सामने मात्र विलायती कायद्याचे; त्यात उडी नाही. पंचांनी सकाळी कायदे वाचून दाखवले तेव्हा साहेब पान जमवत होते. म्हणून त्यांचा राजा मधोमध बेफिकीर उभा. मीही त्याला एकसुद्धा शह दिला नाही; दिला असता तर उडी गेली म्हणून साहेब सावध झाले असते. गुपचूप वजीर आणि हत्ती जवळ आणले.

धोका दिसताच साहेब हसले, राजा उचलला आणि टुणकन उडवला.

"उडी नामंजूर," पंच म्हणाले. "राजा जागेवर ठेवा. अन् हात राजाला लागलाय, आता राजाच चालवा."

राजाला जायला एकच घर होतं. तिथं तो गेला आणि मी वजीर आपटला. "शह आणि मात!" ही आरोळी कित्येक कोसांवरच्या पालमपर्यंत गेली, ऐकलेली माणसं मला पुढे भेटली आहेत.

झरीकरांनी मला पाटासकट उचललं. न्हावी तेवढा फणफणला, "चार दाढ्या सोडून आलो की वो मी!"

"मग तेल लाव मिशीला!"

त्यानं भर मंडपात दोन्ही टोकांना पीळ दिला. इतक्यात वकीलसाहेब गर्दीतून वाट काढत आले. वाटलं, तक्रार करणार. हळूच म्हणाले, "पाटील, उद्या आमच्या बैठकीला या. येताना तेवढा कायद्याचा कागद आणा."

मी गेलो. कागद तेवढा आठवणीनं घरीच विसरलो.