लिडा बाहेर काढली

इनॉस हर्टल शहात्तर वर्षांचा होता आणि स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा त्याचा ‘लिडा’च्या फळ्यांवर जास्त भरवसा होता. लिडा म्हणजे त्याची शिडाची लाकडी नाव. बापानं बांधलेली, आजीचं नाव दिलेली. नोव्हा स्कोशियाच्या त्या खाडीत बासष्ट हिवाळे तिनं पाण्यातच काढले होते. पाण्यात फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरून बसतात, महिनोन्‌महिने बाहेर ठेवल्या की सुकून फाकतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते विमा कंपनीला.

सप्टेंबरात पत्र आलं. चाळीस वर्षांवरच्या कुठल्याही नावेला नोव्हेंबर ते मार्च पाण्यात विमा नाही. आणि विम्याच्या कागदाशिवाय धक्क्यावर जागा नाही.

इनॉसनं फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवल्यावर एक पोरगी बोलली.

“सर, नाव कशाची आहे? फायबरग्लास की पोलाद?”

“पाइनची. बरगड्या ओकच्या.”

“माझ्याकडे त्यासाठी ‘इतर’ एवढंच आहे.”

“मग ‘इतर’ लिही, बाई. आणि पुढं लिही, ही सुकली तर मरेल.”

“तसं लिहायला जागाच नाहीये हो, सर.”

पोरगी खरोखरच ओशाळली होती. तिच्यावर धड चिडायचीही सोय नव्हती.

धक्क्याचं ऑफिस सांभाळायची ती ग्लेंडा, त्याच्या वारलेल्या बायकोची धाकटी बहीण. तिनंही दोनदा कंपनीला पत्र लिहून पाहिलं. उत्तरात तेच छापील कलम आलं.

“असा बघू नकोस माझ्याकडे,” ती म्हणाली. “धक्का काय माझ्या बापाचा आहे?”

“तुझ्या बापानं मला पोरगी देतानाही कागद मागितला नव्हता.”

“म्हणून तर फसला बिचारा!” ती हसली आणि तिनं टेबलावरचा अर्ज पुढे ओढला. “क्रेन बोलवावी लागेल रे. सही माझीच लागते.”

ऑक्टोबर संपताना लिडा पट्ट्यांत लटकत वर आली आणि आवारात टेकूंवर उभी राहिली. इनॉसनं पोती ओली करून तिच्या पोटाला गुंडाळली. आवारातला नळ हिवाळ्यात बंद, म्हणून रोज समुद्रातून बादल्या आणायच्या. पोती तासाभरात गोठून फळ्यांसारखी कडक व्हायची.

“न्युमोनिया झाला तर तुझा विमा आहे का?” आंबवलेल्या कोबीचा डबा पुढे करत ग्लेंडा ओरडायची.

“मी ‘इतर’मध्ये येतो.”

मार्चात कोरडा वारा सुटला आणि तीन आठवडे थांबेना. इनॉस बादल्या वाहत राहिला. हे पुरणार नाही हे त्याला कळत होतं, आणि दुसरं काय करायचं हे कळत नव्हतं. आयुष्यात इतकं हतबल त्याला फक्त बायकोच्या खाटेजवळ वाटलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या सकाळी तो पोती सोडवून शिडीनं चढला आणि आत खाली उतरला. दिवा लावायला हात वर गेला, तो तसाच राहिला. दिव्याची गरज नव्हती.

बाहेरून ग्लेंडाची हाक आली. “इनॉस! कागद आलाय बघ! आजपासून पाण्यात सोडायला परवानगी!”

तो आवाजाच्या बाजूला वळला.

“अरे, ऐकतोयस ना?”

“पिवळा स्कार्फ बांधलायस,” तो आतून म्हणाला.

“हो. पण तुला कसं कळलं? तू तर आत आहेस.”

“दिसतोय, ग्लेंडा,” इनॉस म्हणाला. “फळ्यांमधून दिसतोय.”