पांढरं पडलेलं पॉलिश

चकचकमास्तर ही त्याला फर्निचरच्या कारखान्यातल्यांनी दिलेली पदवी. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश मारायचं, ते असं की लाकडात तोंड दिसलंच पाहिजे. बायको शेजारी बसून पॉलिशपेपरने फळ्या घासायची आणि दिवसभर त्याची बोलणी खायची.

एक खोड मात्र वाईट. उरलेल्या स्पिरिटमध्ये पाणी घालून स्वारी घोट घ्यायची. इतकी वर्षं ते पचलं होतं. त्या संध्याकाळी नवा डबा फोडला, बशीत थेंबभर पेटवून पाहिलं. ज्योत निळी आली. "निळी म्हणजे अस्सल!" म्हणत त्याने ग्लास रिकामा केला. अहो, कसलं अस्सल! या डब्यात मिथेनॉल होतं, म्हणजे विषारी स्पिरिट, आणि तेही निळंच जळतं.

सकाळी गडी ठणठणीत. दुपारी मात्र कपाटासमोर उभा राहून खेकसला, "पॉलिश पांढरं पडलंय! हवा दमट आहे." दमट हवेत पडतंही तसं. पण बायकोला तर त्यात आपला चेहरा लख्ख दिसत होता.

"अहो, चकाकतंय की!"

"तुला काय कळतंय? डोळे फुटलेत का तुझे? चालती हो इथून!"

"मग बसा घासत जन्मभर!" ती तणतणत घरी गेली.

राग निवळल्यावर परतली, तर तो लाकडाच्या भुशात आडवा, ओकलेला, धापा टाकत.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं. "मिथेनॉल स्वतः लगेच मारत नाही. लिव्हर त्याचं हळूहळू फॉर्मिक ॲसिड करतं, म्हणून सकाळ बरी गेली. ते ॲसिड शरीराच्या पेशींचा श्वास कोंडतं, आणि डोळ्यांच्या नसांना ते आधी भोवतं. आता औषधाने लिव्हरचं ते काम अडवलंय, मशीनवर रक्त धुतोय. जीव वाचेल."

"आणि डोळे?"

"या विषाने आधी सगळं पांढरं, धुकट दिसतं. तसं दिसायला लागलं तेव्हाच आणायला हवं होतं, बाई."

म्हणजे पांढरं लाकडावर नव्हतंच!

शुद्धीवर आल्यावर त्याने चाचपडत तिचा हात धरला. "अजून सगळं पांढरंच आहे गं. जाईल ना?"

त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते काम तिच्याच वाट्याला आलं.

"नाही हो. नाही जाणार."

त्याने तिचा हात सोडला. मग म्हणाला, "तुला नीट दिसत होतं ना? मग मला तसंच सोडून गेलीस कशाला?"

हाकलणारा तोच होता, पण हे तिच्या तोंडून निघालं नाही.