त्याचा खोकला

पडद्यावर मरण्यात एका ब्रिटिश नटाचा हात धरणारा कोणी नाही. आपले स्वस्तातले भयपट तो स्वतःच काढतो आणि प्रत्येकात पहिल्या अर्ध्या तासात मरतो, म्हणजे शूटिंगचे उरलेले दिवस निर्माता म्हणून धावपळ करायला मोकळा. वर्तकनगरच्या एका स्टुडिओत त्याला मराठी आवाज मी देतो. सात सिनेमांत त्याच्यासाठी मेलोय. त्याचा श्वास मला पाठ आहे.

यंदाच्या सिनेमात तो बोलता बोलता खोकला. स्क्रिप्टमध्ये खोकला नव्हता. पुढच्या सीनमध्ये पुन्हा, आणखी खोलवरून. गाल बसलेले होते आणि तो मेकअप वाटत नव्हता. मी म्हटलं, "हा माणूस खरंच आजारी आहे रे." रेकॉर्डिस्ट वैतागला, "ओठ हलतायत ना? मग आवाज भरा." डोकं फिरलं माझं, पण भरला. हुबेहूब जमेपर्यंत खोकत राहिलो.

काल दुपारी ठाकुर्लीला घरी पेपर वाचत बसलेलो. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, तो मेला खोकला स्टुडिओतच ठेवून या ना! घरी कसला सराव करताय?"

मी सराव करत नव्हतो.